शेजारच्या खोलीतला खर्ज

१

पद्माताई म्हसकरांनी गप्प बसायचं, हे ऐकून सांगलीच्या गावभागात लोक आधी हसलेच. बाई गायच्या सुरेख, त्यात वाद नाही. पण गाणं संपलं की बोलायच्या आणि बोलणं संपलं की पुन्हा गायच्या. सकाळी पोरींची शिकवणी, दुपारी भाजीवालीपासून वकिलीणबाईंपर्यंत सगळ्यांची चौकशी, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. तोंडाला म्हणून विश्रांती नाही. मग एकदा वरच्या षड्जावर आवाज चिरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरला. मिरजेच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाले. गाठ साधी होती, ती त्यांनी काढलीही छान. पण घरी सोडताना बजावलं, "आता दिव्याच्या अवसेपर्यंत एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही. पाळलंत तर भाद्रपदात गणपतीपुढं बसून गाल. नाही पाळलंत तर माझ्याकडं येऊ नका."

गणपतीपुढचं ते गाणं म्हणजे पद्माताईंचा जीव की प्राण. लग्न होऊन सांगलीत आल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. दोन्ही बाळंतपणंसुद्धा त्यांनी भाद्रपद टाळून उरकली, असं वन्सं अजून चेष्टेनं म्हणतात. तेव्हा मौन पाळायचं हे ठरलंच. पण त्या घरात? सासूबाई ठार बहिऱ्या, त्यांना ओरडून सांगावं लागे. वरद आणि मयूरी ह्या मुलांची भांडणं, दारात शिकवणीच्या पोरी, आणि नुकताच आलेला फोन. त्र्याण्णव सालच्या त्या आषाढात गल्लीत फोन एवढाच, म्हणून अख्ख्या गल्लीचे निरोप. तिसऱ्याच दिवशी दूध उतू जाताना तोंडातून "अगं" सुटता सुटता राहिलं, आणि पद्माताई देवघरात जाऊन रडल्या. रडल्या तेही बिनआवाजी.

मधुकरराव पाटबंधारे खात्यातले, अबोल गृहस्थ. त्यांनी शाळेतल्या जुन्या मित्राला, नानासोंना, फोन केला. नानासोंचं महाबळेश्वरला हॉटेल होतं, गिरिशोभा नावाचं. पावसाळ्यात बंद.

"तिथं बोलायला माणूसच नाही," मधुकरराव बायकोला म्हणाले. "तू आणि पाऊस. काय बोलायचं ते पाऊस बोलेल, तू ऐक."

पद्माताईंनी पाटीवर लिहिलं, "कधी निघायचं?"

२

वाई सोडून गाडी पसरणीच्या घाटाला लागली, तशी खिडकीबाहेरची दुनिया पुसूनच गेली. धुकं असं की ड्रायव्हर काच सोडून बाहेर डोकं काढून गाडी हाकत होता. स्टँडवर उतरून मधुकररावांनी टॅक्सी केली, आणि गिरिशोभाच्या दारात आल्यावरही पद्माताईंना हॉटेल दिसेना. दिसला तो गवताचा एक प्रचंड ढीग.

महाबळेश्वरची ती रीतच. पाऊस भिंतींच्या आत शिरू नये म्हणून ज्येष्ठातच सगळ्या इमारतीला बाहेरून गवताच्या झडी बांधतात. भिंती, खिडक्या, व्हरांडे, सगळं गवताआड. एक दार तेवढं उघडं. आत भरदुपारी दिवे लावावे लागतात आणि बाहेरचा मुसळधार पाऊस आत नुसता हूं हूं असा लांबून ऐकू येतो. पद्माताई व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कानांना कित्येक वर्षांत लाभली नव्हती अशी शांतता लाभली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! त्यांनी तिथल्या तिथं हात जोडले.

हॉटेलात राहीबाई एकटीच होती. तिचा नवरा इथला पहारेकरी, पण तो जावळीतल्या गावी भातलावणीला गेलेला. ती मागच्या खोलीत राहायची. पद्माताईंना वरच्या मजल्यावरची जिन्याजवळची खोली दिली होती. बाकीच्या सगळ्या खोल्यांना कुलपं.

"ताई, तुमाला बोलायचं न्हाई म्हनं," राहीबाई म्हणाली. "काय फिकीर करू नगासा. मी हाय की दोगींचं बोलायला."

मधुकरराव दुपारच्या गाडीनं परत गेले, आणि राहीबाईनं शब्द खरा केला. काय त्या बाईच्या हाताला चव होती! नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर लोणकढं तूप. पद्माताईंनी पाटीवर "फारच छान" लिहून पाटी पुढं केली.

"ते काळ्यावरचं पांढरं आमाला न्हाई कळत," राहीबाई म्हणाली. "मालक आलं म्हंजी दावा त्यास्नी. ताटात काय उरलं न्हाई, त्यातच मला समदं कळलं."

पहिल्या रात्री पद्माताई अशा झोपल्या की माहेरीसुद्धा तशा कधी झोपल्या नव्हत्या.

३

पहाटे त्यांना जाग आली ती तानपुऱ्यानं.

सुरुवातीला वाटलं, कानातच वाजतंय. गाणाऱ्यांच्या कानात तानपुरा असतोच. पण हा भिंतीपलीकडं होता. चांगला लागलेला होता, तारांची जवारी मोकळी, गुंजणारी, आणि त्यावर कुणीतरी खर्ज लावत होतं. बाईचा आवाज. खालच्या षड्जावर एकदा टेकला की श्वास सरेपर्यंत हलायचा नाही.

पद्माताई अंथरुणात उठून बसल्या. अहाहा! काय तो खर्ज! पद्माताईंनी स्वतः वीस वर्षं पहाटे उठून खर्ज भरला होता, पण त्यांचा खर्ज नेहमी थोडा पोकळ लागायचा. हा भरीव होता. त्यांनी नकळत मांडी घातली, डोळे मिटले आणि उजाडेपर्यंत ऐकत राहिल्या.

मग मन विचारायला लागलं, हॉटेलात तर दुसरं कोणी नाही. रेडिओ असेल राहीबाईचा. पण रेडिओवर तासभर एकच स्वर कोण लावील? मग नानासोंची कोणी पाहुणी असेल, रात्री उशिरा आलेली. हे पटण्यासारखं होतं. आपल्यासारखीच कुणी साधनेला आली असेल बिचारी.

चहा घेऊन राहीबाई आली ती हसतच.

"काय वो ताई! गप बसायला आलायसा न्हवं? मग पाटंचं कोन म्हनत हुतं? मी चुलीम्होरं बसून ऐकत हुती. लय ग्वाड म्हनलासा."

पद्माताईंनी जोरजोरात मान हलवली. छातीवर बोट ठेवून "मी नाही" अशी खूण केली आणि शेजारच्या भिंतीकडं हात दाखवला.

राहीबाईनं भिंतीकडं बघितलं. "व्हय व्हय," ती म्हणाली, "भित म्हनत हुती! न्हाई सांगत म्या तुमच्या डाक्टरला."

पद्माताईंना हसू आलं. हसल्यावर जरा हलकं वाटलं. म्हणजे राहीबाईलाही ऐकू आलं होतं, तेव्हा आपल्या कानातलं नाही, हे एक बरं झालं. पण हिला पाहुणी ठाऊक नाही, म्हणजे पाहुणीच नाही.

दुपारी त्यांनी राहीबाईच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडं बोट दाखवलं आणि शेजारची खोली उघडायला लावली. राहीबाई कुरकुरली, पण उघडली. आत कुबट वास आला. गाद्या गुंडाळून भिंतीला उभ्या केलेल्या, वर गोणपाट. खिडकीच्या काचेला बाहेरून गवत चिकटलेलं. भिंतींना घाम फुटलेला, फरशीवर ओल अशी की पाय उमटत होते. तानपुरा नाही, माणूस नाही.

मधोमध तेवढी एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा कोरडी ठणठणीत होती.

"हितं वरून काय गळत नसंल," राहीबाई म्हणाली आणि कुलूप लावून भाकऱ्या टाकायला गेली.

ही ओल हवेतून धरते, वरून गळून नाही, हे पद्माताईंना जिना उतरताना सुचलं. पण सांगणार कसं?

४

भ्यायला हवं होतं. पद्माताईंना ते कळत होतं. दुसरी एखादी बाई असती तर संध्याकाळची गाडी धरून सांगलीला पोचली असती. पण गाणाऱ्या माणसाची गत वेगळी. त्याला सूर चांगला ऐकू आला की बाकीचं नंतर. आणि सूर नुसता चांगला नव्हता हो, रोज चढत होता. पहाटे खर्ज, दुपारी राग. आवाज जरा त्यांच्यासारखाच वाटे, एका वळणाचा. पण त्यांच्या आवाजाला जिथं जिथं कोपरे होते, तिथं हा गोल होता.

एका दुपारी पलीकडं मुलतानी सुरू झाला, आणि पद्माताईंच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

ती चीज त्यांच्या गुरुजींची होती. गुरुजी मिरजेचे, हट्टी, शिष्य जमवायचे नाहीत. ही चीज त्यांनी एकट्या पद्माताईंना दिली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. जगात ती आता पद्माताईंकडंच होती. त्यांनी ती कुठल्या पोरीला अजून दिली नव्हती, कारण त्यांचीच ती पुरती झाली नव्हती. मुलतानीतला गंधार त्यांना लागायचा नाही. मध्यमावरून खाली येताना तो जिथं डोलायला हवा, तिथं त्यांचा श्वास अडखळायचा. "गंधाराच्या दारापर्यंत येतेस आणि परत जातेस, पोरी," गुरुजी म्हणायचे.

पलीकडचा आवाज त्याच जागी आला आणि तसाच अडखळला. अगदी तसाच. पद्माताईंच्या अंगावर काटा आला.

आवाज थांबला. तानपुरा चालू होता. मग तीच जागा पुन्हा घेतली, पुन्हा अडखळली. पुन्हा घेतली. काय ती चिकाटी! चौथ्या की पाचव्या खेपेला मध्यम सुटला, हलकेच खाली आला, आणि गंधार डोलला. असा डोलला की पद्माताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वीस वर्षं त्या ज्याच्या दाराशी उभ्या होत्या तो गंधार समोर, भिंतीपलीकडं. त्यांनी उजवा हात उचलला, तोंड उघडलं, "वा!" अगदी ओठावर आलं, आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. डॉक्टरांची शपथ मोडता मोडता वाचली.

त्याच संध्याकाळी खाली ऑफिसातला फोन वाजला. राहीबाईनं घेतला आणि तिच्या तोंडात काही तीळ भिजत नव्हता.

"व्हय सायेब, बऱ्या हायती. जेवत्यात, झोपत्यात. आनि गात्यात काय सांगू! पाटं आनि दुपारचं. ऱ्हा, देती त्यास्नी."

पद्माताईंनी फोन कानाला लावला. पलीकडं मधुकररावांचा श्वास ऐकू येत होता.

"पद्मा, गातेस तू? हे बघ, एकदा टिचकी मारलीस की हो, दोनदा मारलीस की नाही."

त्यांनी बांगडीनं दोनदा टिचकी मारली.

"मग राहीबाई काय सांगतायत?"

ह्याला काय टिचकी मारणार?

"पद्मा," मधुकरराव हळू आवाजात म्हणाले, "भाद्रपद जवळ आलाय गं. आवाज गेला तर मला काही नाही. पण तू जगायची नाहीस. मला ठाऊक आहे." आयुष्यात एवढं लांबलचक ते कधी बोलले नव्हते. "अवस झाली की दुसऱ्याच दिवशी न्यायला येतो. तोवर सांभाळ."

एक टिचकी.

५

आता पुढं पद्माताईंनी जे केलं, ते गाण्याच्या घरात वाढलेलं माणूसच करील. शहाणं माणूस नाही करायचं.

त्यांनी राहीबाईकडून शेंडीचा नारळ मागून घेतला. खूण करून करून नाकी नऊ आले, राहीबाईनं आधी वांगं आणून दिलं. मग न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, त्या शेजारच्या बंद दारापुढं गेल्या. उंबऱ्यावर मूठभर तांदूळ, त्यावर नारळ, वर एक सुपारी. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला, गुरुजींची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि उंबऱ्यावर डोकं टेकलं. गुरू करताना शिष्यानं तोंडानं मागायचं असतं. तोंडाला तर कुलूप. तेव्हा त्या मनातच म्हणाल्या, ज्या भावानं लहानपणी गुरुजींपुढं बसल्या होत्या त्याच भावानं, "तुम्ही कोण ते मी विचारत नाही. मला गंधार द्या. माझ्यापाशी जे आहे ते तुमचं."

दाराच्या फटीतून गार वारा आला. बाकी काही नाही.

सकाळी राहीबाई चहा घेऊन आली तेव्हा तिच्या हातात नारळाची अर्धी वाटी होती, कुंकू लावलेली.

"ही तुमच्या दाराम्होरं पडली हुती. दुसरी वाटी कुटं टाकलीसा? ऱ्हाऊ द्या, हिचीच चटनी वाटती."

म्हणजे नारळ फुटला, आणि रिवाजाप्रमाणं अर्धा परत आला. पद्माताईंना शिष्य म्हणून पत्करलं होतं. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी राहीबाईचे दोन्ही हात धरून फुगडीचा एक फेरा घेतला. चटणी सुंदर झाली होती. भाकरीबरोबर त्यांनी सगळी खाल्ली.

त्या दिवसापासून तालीम सुरू झाली. पलीकडून एक जागा यायची आणि मग थांबायचं, शिष्यानं म्हणावी एवढा वेळ. पद्माताई ओठ हलवून ती मनात म्हणायच्या. पुन्हा जागा, पुन्हा थांबणं. काय शिकवणं ते! त्यांनी तोपर्यंत शिकवणीत पोरींना जे सांगितलं होतं, त्यातलं निम्मं चूक होतं हे त्यांना चार-आठ दिवसांत उमगलं, आणि त्याचा त्यांना राग नाही आला, उलट मौजच वाटली. त्यांच्या मनात गंधार डोलू लागला. घशात नाही अजून, पण मनात.

एकदा मध्येच राहावेना म्हणून त्या उठल्या आणि शेजारच्या दाराच्या फटीला डोळा लावला. आत गवतातून गाळून येणारा मळकट उजेड. त्यात एका बाईची पाठ. सैल अंबाडा, खांद्यावर टेकलेला तानपुरा, सुरावर किंचित डावीकडं झुकणारी मान. पद्माताईंनी बराच वेळ बघितलं. कुठंतरी बघितल्यासारखी वाटत होती, पण ओळख पटेना. माणसाला सगळ्या जगाच्या पाठी ठाऊक असतात, आपली सोडून.

बाईनं गाता गाता मागं न बघता हात हलवला. गुरुजी हलवायचे तसा. जा, जागेवर जाऊन बस.

पद्माताई निमूटपणे जाऊन बसल्या.

६

अवसेच्या आदल्या दिवशी चहाचं भांडं उतरवताना वाफ हातावर आली. "आई गं" म्हणून ओरडायला तोंड उघडलं गेलं, सवयीनं. पद्माताई दचकल्या, मौन मोडलं! मग लक्षात आलं की काही मोडलेलं नाही, कारण काही ऐकूच आलं नव्हतं.

त्या खोकून बघायला लागल्या. खोकल्याला आवाज नव्हता. नुसती हवा, दाराखालून येते तशी.

सूज असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली. इतके दिवस वापर नाही, गंजला असेल जरा. बिजागरीला नाही का तेल लागत? डॉक्टर हुशार आहेत, टाक्यांना वेळ लागतो. अवस होऊ दे. उगीच उतावीळ व्हायचं नाही. एवढी समजूत घालूनही रात्री त्यांना त्या नारळाच्या चटणीशिवाय काही आठवेना.

अवस झाली. राहीबाईनं सगळे दिवे घासून पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे केले होते. पद्माताईंनी दिव्यांना नमस्कार केला, खोलीत येऊन मांडी घातली, पाठ ताठ केली आणि षड्ज लावायला तोंड उघडलं.

हवा. पुन्हा हवा. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, पोट आत ओढलं, सगळा जीव एकवटला. बत्तीस वर्षं हाक मारल्याबरोबर आलेला षड्ज आला नाही.

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडं तो लागला. स्वच्छ, भरलेला, त्यांच्याच पट्टीतला, काळी चारचा. चिरलेला नाही, पोकळ नाही, कुठं डाग नाही. आता त्यात परकं काही उरलं नव्हतं. पद्माताईंनी तो पहिल्या क्षणी ओळखला, कारण तो त्यांचाच होता. त्यांनी आयुष्यभर ज्याची स्वप्नं पाहिली तसा होता, एवढाच फरक.

भीती वाटली. भयंकर वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी, अगदी निमिषभर आधी, त्यांची मान आपोआप डोलली होती. मनात "वा!" आलं होतं. त्याची त्यांना स्वतःचीच इतकी शिसारी आली की त्यांनी धावत जाऊन बॅग भरायला घेतली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या खाली व्हरांड्यात बॅग घेऊन बसल्या होत्या. झडींमुळं तिथं भरदिवसा संध्याकाळ. राहीबाई बाजारात गेली होती. वर तानपुरा वाजत होता. त्यांनी कानांत कापूस घातला होता आणि थोड्या वेळानं काढला होता. नाही राहवलं.

मधुकरराव आले की त्यांचा हात धरायचा आणि निघायचं. पाटीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, "आत्ताच्या आत्ता घरी चला." मिरजेच्या डॉक्टरांना दाखवू. काहीतरी इलाज असेल. इथून लांब गेलं की येईलही परत. यायला नको? चोरीचा माल कधी पचतो का? मग आठवलं की चोरी कुठली, आपणच उंबऱ्यावर डोकं टेकून दिला.

फाटकाशी टॅक्सी थांबली. गवताच्या फटीतून त्यांना धुक्यात छत्री दिसली, छत्रीखाली मधुकररावांची ओळखीची पिशवी. त्या उठल्या.

वर मुलतानी सुरू झाला. वेळ सकाळची, राग दुपारचा, पण जणू कुणाला थांबवायचंच होतं. मधुकरराव अंगणाच्या मध्यावर आले आणि खिळले. पुढची जागा आली. मध्यम सुटला, खाली आला, आणि गंधार डोलला.

मधुकररावांनी छत्री खाली केली. एवढा पाऊस, आणि ते भिजत उभे. ह्या माणसानं वीस वर्षं बायकोचं गाणं कोपऱ्यात बसून ऐकलं होतं, तोंडातून कधी शब्द काढला नव्हता. तो माणूस वरच्या मजल्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "वा! वा पद्मा! सापडला गं तुला! गुरुजी हवे होते आज!" आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

पद्माताई गवताच्या झडीला बिलगून आतून त्यांना हाक मारत होत्या. सगळा जीव लावून मारत होत्या. त्यांनी झडीवर मुठी आपटल्या, गवतात मुठी रुतल्या. बांगड्या वाजल्या, त्या पावसात कुणाला ऐकू येणार?

गाणं थांबलं.

"अहो, आलात?" वरून आवाज आला. "भिजताय काय असे! आत या बघू. मी आलेच खाली."

किती गोड बोलला तो आवाज. पद्माताई कधी नवऱ्याशी इतक्या गोड बोलल्या नव्हत्या.

लाकडी जिन्यावर पावलं वाजू लागली. पद्माताई दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. जिना त्यांच्या पाठीशी होता आणि मान वळवायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. मधुकरराव दारातून आत आले, चष्मा पावसानं आंधळा झालेला, चेहरा आनंदानं फुललेला. पद्माताईंनी पाटी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा पुसला, आणि पद्माताईंच्या खांद्यावरून पलीकडं, जिन्याकडं बघितलं.

"केवढी बारीक झालीस गं!" ते म्हणाले.

मग त्यांना हातातल्या छत्रीची आठवण झाली. "राहीबाई, एवढी निथळत ठेवा हं," असं म्हणून त्यांनी ती पद्माताईंच्या हातात दिली आणि त्यांना ओलांडून पुढं गेले.

"आता रडायचं नाही हं," मागून पद्माताईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. "यंदा गणपतीपुढं मुलतानीच म्हणायचं ठरवलंय मी."

आणि ती म्हणणार, तिथं बसून फार सुंदर म्हणणार, सांगलीनं कधी ऐकला नसेल असा म्हणणार, ह्याबद्दल छत्री हातात धरून उभ्या असलेल्या पद्माताईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.